पंधरा वर्षांचा पुरावा

वृद्ध साहित्यिक आणि कलावंतांना दरमहा मानधन देण्याची महाराष्ट्र शासनाची योजना १९५४-५५ सालापासून चालू आहे. २०२४ मध्ये तिला राजर्षी शाहू महाराजांचे नाव मिळाले. कलावंतांचे राष्ट्रीय, राज्य आणि स्थानिक असे वर्ग पाडून कमीजास्त रक्कम देण्याची जुनी पद्धत मोडली आणि सगळ्यांना सरसकट ५,००० रुपये ठरले. अटी वाचायला सोप्या आहेत. वय ५० च्या पुढे, वार्षिक उत्पन्न ६०,००० रुपयांच्या आत आणि कलेच्या क्षेत्रात किमान १५ वर्षांचे काम. पहिल्या दोन अटींना दाखले आहेत. आधार कार्डावर जन्मतारीख असते (ती पुष्कळदा १ जानेवारी असते, कारण जन्माची नोंदच नसलेल्या माणसाच्या नावापुढे दुसरे काय लिहिणार?) आणि उत्पन्नाचा दाखला तहसिलीतून निघतो. घोडे अडते ते तिसऱ्या अटीपाशी. लोहा तालुक्यातल्या एखाद्या गोंधळ्याने पंधरा वर्षे गोंधळ घातला, हे कशावरून? ज्या घरी लग्नानंतरचा गोंधळ झाला, त्या घराने त्याला शिधा दिला, दक्षिणा दिली, क्वचित धोतर दिले. प्रमाणपत्र कोणी दिले नाही. रात्रभर संबळ वाजली, दिवटी जळली, पहाटे आरती होऊन मंडळी पांगली. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात छापून यावे असे त्यात काही नव्हते. अर्जासोबत मात्र प्रमाणपत्रे, कात्रणे, फोटो, संस्थांची पत्रे असे काहीतरी लागते. ज्याची कला रंगमंचावर होते त्याच्याकडे हे सारे असते. ज्याची कला अंगणात होते त्याच्याकडे ती कला तेवढी असते.

हा प्रश्न कोणत्या विषयाचा? शासन निर्णय आणि निवड समिती पाहिली तर लोकप्रशासनाचा. निराधार म्हातारपण पाहिले तर समाजकार्याचा. गोंधळाची गणगीते, आख्याने आणि त्यांतले पाठभेद पाहिले तर मराठी विभागाचा. तिन्ही विभाग नांदेड-लातूरच्या महाविद्यालयांत आहेत, बहुधा एकाच इमारतीच्या एकाच मजल्यावर आहेत, आणि प्रश्न मात्र तिघांच्या मधल्या व्हरांड्यात पडून राहतो. माझे म्हणणे असे, की विद्यार्थ्यांनी करायचे संशोधन नेमके या व्हरांड्यातले आहे. मोठ्या संस्थांना जे परवडत नाही आणि सरकारी यंत्रणेला जे दिसत नाही, ते या दोन जिल्ह्यांतल्या वीस-बावीस वर्षांच्या मुलामुलींच्या हाताच्या अंतरावर आहे. त्यांना ज्या साच्यात संशोधन करायला लावले जाते तो साचाच ते झाकून टाकतो.

साचा ओळखीचा आहे. लघुशोधप्रबंधाची पाच प्रकरणे: प्रस्तावना, संदर्भ साहित्याचा आढावा, संशोधन पद्धती, माहितीचे विश्लेषण, निष्कर्ष व शिफारशी. काळी किंवा गडद निळी बांधणी, वर सोनेरी अक्षरे. शीर्षकात 'एक चिकित्सक अभ्यास' हे शब्द असतात आणि आत चिकित्सा सोडून बाकी सगळे असते. उत्तरदाते १००, कारण १०० चे शेकडा प्रमाण काढायला गणित लागत नाही. प्रश्नावलीत 'होय', 'नाही', 'सांगता येत नाही'. योजनेची माहिती आहे का, या प्रश्नाला ६२ जण 'होय' म्हणाले म्हणजे ६२ टक्के, आणि त्याचा एक वर्तुळालेख. शिफारशीत 'शासनाने जनजागृती करावी'. यात विद्यार्थ्याला हसण्यात अर्थ नाही. त्याला हेच शिकवले गेले आहे. योजना माहीत असलेल्या माणसाचा अर्ज कुठल्या टेबलावर, कुठल्या कागदावाचून अडला, हे त्या ६२ टक्क्यांतून कधीच कळत नाही. ते कळायला पाच अर्ज पुरतात, पण त्या पाचांचा माग शेवटपर्यंत काढावा लागतो. पंचायत समितीत कधी दिला, पोच मिळाली का, त्रुटी कोणती निघाली, ती तोंडी सांगितली की लेखी कळवली, जिल्हा समितीची बैठक किती महिन्यांनी झाली. तोंडी उत्तरावर भागत नसेल तर २००५ चा माहिती अधिकार कायदा आहे. १० रुपये शुल्क आणि ३० दिवसांची मुदत ही कोणत्याही विद्यार्थ्याला झेपणारी साधने आहेत.

विषयांच्या भिंती आपल्याकडे पूर्वीपासून इतक्या उंच होत्या असे मात्र नाही. नांदेडच्या पीपल्स कॉलेजात मराठी शिकवणारे नरहर कुरुंदकर मनुस्मृतीवर लिहीत, नाट्यशास्त्रावर लिहीत, हैदराबाद संस्थानाच्या विसर्जनावर लिहीत, आणि आपण विभाग ओलांडतो आहोत असे त्यांना कधी वाटल्याचे दिसत नाही. १७ सप्टेंबर १९९४ रोजी, मराठवाडा मुक्तिदिनी, नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. नांदेड, लातूर, परभणी आणि पुढे वेगळा झालेला हिंगोली हे त्याचे क्षेत्र. विद्यापीठ जवळ आले, तशी पदव्युत्तर पदवी आणि प्रबंध यांची संख्याही वाढली. राज्यभरच्या विद्यापीठांची 'आविष्कार' ही संशोधन स्पर्धा २००६ पासून भरते आहे. तिच्यात मानव्यविद्या, भाषा आणि ललित कला यांचा एक गट आहे, तर वाणिज्य, व्यवस्थापन आणि विधी यांचा दुसरा. गोंधळ्याच्या मानधनाचा अभ्यास करणारा विद्यार्थी आपला तक्ता कुठल्या गटात लावील? कलेच्या गटात लावला तर परीक्षक नियमांचे काही विचारणार नाहीत. विधीच्या गटात लावला तर गाण्याचे विचारणार नाहीत.

विद्यार्थ्यांचे काम शेवटी विद्यार्थ्यांचेच, त्याला कोण विचारतो, हा आक्षेप सर्वांत सोपा आणि इतिहासाने सर्वांत स्वच्छ खोडलेला आहे. मद्रास विद्यापीठात भारतीय अर्थशास्त्राचे पहिले प्राध्यापक म्हणून आलेले गिल्बर्ट स्लेटर यांनी १९१६ मध्ये आपल्या विद्यार्थ्यांना सुट्टीत गावाकडे जाताना प्रश्नांची यादी दिली आणि सांगितले, गाव पाहून या. त्या नोंदींचे पुस्तक १९१८ मध्ये निघाले. पुढे १९३६-३७ मध्ये त्याच गावांची पुन्हा पाहणी झाली, १९८० च्या दशकात आणखी एकदा झाली, आणि दक्षिणेतल्या खेड्यांत जमीन कोणाकडून कोणाकडे गेली, मजुरी कशी बदलली, हे एवढ्या लांब पल्ल्यावर सांगणारी सामग्री देशात फार थोडी आहे. सुट्टीत घरी गेलेली पोरे तिच्या मुळाशी आहेत. आपल्याकडे पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी पिंपळे सौदागर या एकाच गावाचा अभ्यास १९१७ मध्ये प्रसिद्ध केला. शेतजमिनीचे तुकडे किती बारीक झाले आहेत हे त्यांनी एका गावाच्या आकड्यांवरून दाखवले; तुकडेबंदीचा कायदा यायला १९४७ उजाडले. एक गाव म्हणजे राज्य नव्हे, हे खरेच. पण एक गाव नीट पाहिले म्हणजे राज्याला कोणता प्रश्न विचारायचा ते समजते, आणि ही कामगिरी लहान नाही.

स्लेटरच्या विद्यार्थ्यांना जे गाव होते तसे लातूरला किल्लारी आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेश विसर्जनाच्या रात्रीनंतर, औसा आणि उमरगा परिसरात जो भूकंप झाला त्यात माणसे मेली ती बहुतेक आपल्याच घरांखाली. जाड दगडी भिंती मातीत रचलेल्या, वर माळवद. उन्हाळ्यात थंड राहणारे घर एका मिनिटात ढिगारा झाले. नंतर जागतिक बँकेच्या साहाय्याने ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. या पुनर्वसनातला एक तपशील प्रत्येक समाजशास्त्राच्या वर्गात फळ्यावर लिहावा असा आहे. घराचे आकारमान जमिनीवर ठरले: भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असलेल्यांना २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्यांना ४०० आणि त्यावरच्यांना ७५०. म्हणजे भूकंपाने सगळे सपाट केल्यावर गावची उतरंड आराखड्यातून पुन्हा उभी राहिली. त्यामागे कारण नव्हते असे नाही. ज्याच्या घरात बैल, औजारे आणि धान्य ठेवायचे त्याला जागा जास्त लागते, हा युक्तिवाद शेतकरी गावात पटण्यासारखाच आहे. पण तीस वर्षांत बैल गेले आणि २५० चौरस फुटांतल्या कुटुंबात मुलांची लग्ने झाली. त्या घरांना पुढे पत्र्याची शेड जोडली गेली की मजला चढला? चौसोपी वाडा आणि बोळ यांच्या जागी सरळ रस्त्यांची चौकट आल्यावर ओसरीवर बसून होणारी बायकांची कामे कुठे सरकली? पोळ्याची मिरवणूक, भजनाचा फड, देवीचा गाडा नव्या गावात कुठून कुठे जातो? भूकंपानंतर लगेच देशोदेशीचे अभ्यासक आले, त्यांनी चांगले काम केले आणि ते गेले. ज्यांना ही घरे मिळाली त्यांची नातवंडे आज औसा, निलंगा, उमरग्याच्या महाविद्यालयांत बसलेली आहेत. घराची टेप घेऊन मोजणी करायला त्यांना कोणाची परवानगी काढावी लागत नाही. आजी घरातच असते.

जवळिकीचा हा फायदा भाषेपुरता पाहिला तरी मोठा आहे. देगलूर, बिलोली, धर्माबादेत तेलुगू कानावर पडते, उदगीर-निलंग्याकडे कन्नड, नांदेड शहरात दखनी उर्दू, मुखेड-कंधार-किनवटच्या तांड्यांवर गोरमाटी, किनवट-माहूरच्या डोंगरात गोंडी आणि कोलामी. मुंबईहून किंवा पुण्याहून आलेल्या पाहणी पथकाला इथे दुभाष्या लागतो. होळीच्या लेंगी गीतात सावकाराला काय म्हटले आहे ते तांड्यावरच्या मुलीला ऐकताक्षणी कळते. आणि गीत हा पुरावा असतो, सजावट नव्हे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी सहकाऱ्यांसह गावोगाव फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. सासर, माहेर, जमीन, बाळंतपण यांविषयी बायका एकमेकींत काय बोलत, हे त्या ओव्यांतून जितके कळते तितके कुठल्या प्रश्नावलीतून कळणार नाही. लातूरजवळच्या धनेगावचे लक्ष्मण गायकवाड यांच्या 'उचल्या'ला १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, तेव्हा वाङ्मयाच्या पानावर त्याची चर्चा झाली. पण १८७१ च्या कायद्याने गुन्हेगार ठरवलेल्या आणि १९५२ मध्ये कागदोपत्री विमुक्त झालेल्या जमातीला पोलीस ठाण्यात, शाळेत आणि गिरणीत प्रत्यक्ष काय मिळाले, याचे ते साक्षीपत्रही आहे. धोरणाचा अभ्यास करणाऱ्याने ते कादंबऱ्यांच्या कपाटात ठेवून दिले तर नुकसान धोरणाचे.

आता मानधनाकडे परत. योजनेत दरवर्षी एका जिल्ह्यातून १०० जणांची निवड व्हायची आहे. २०११ च्या जनगणनेत नांदेड जिल्ह्याची लोकसंख्या ३३.६१ लाख, लातूरची २४.५४ लाख आणि सिंधुदुर्गची ८.५ लाख. भागाकार केला तर सिंधुदुर्गात साधारण ८,५०० माणसांमागे एक जागा, लातुरात २४,५०० मागे एक आणि १६ तालुक्यांच्या नांदेडात ३३,६०० मागे एक. बी. ए. च्या पहिल्या वर्षाला पाच मिनिटांत निघणारे हे गणित आहे, आणि ते अपुरेही आहे; वाटप लोकसंख्येवर का करावे, कलावंतांच्या संख्येवर करावे, असे कोणी म्हणेल. दशावताराच्या मुलखात कलावंत दाट असतील, हेही खरे. मग कलावंत मोजा, असे उत्तर येते आणि तिथेच विद्यार्थ्याचे काम सुरू होते. कारण जनगणनेचा प्रगणक गोंधळ्याच्या दारात जातो तो बहुधा दिवसा, आणि दिवसा तो माणूस शेतमजूर असतो. मुरळीची नोंद कशी होते? शेजारच्या चार गावांत जागरणाला बोलावल्या जाणाऱ्या आराधी बायका स्वतःला कलावंत म्हणवतात का? त्या तसे म्हणवत नसतील तर अर्जच करणार नाहीत, आणि अर्ज नाही म्हणजे कलावंत नाही, असे कार्यालयाच्या नोंदीत ठरते. कोण कलावंत, हा सौंदर्यशास्त्रातला जुना वाद इथे ५,००० रुपयांचा होतो.

विद्यार्थी अशी मोजणी करू शकतील, यावर ज्यांचा विश्वास नाही त्यांचे सगळेच म्हणणे झटकता येत नाही. प्रबंध उतरवले जातात, प्रश्नावल्या खोलीत बसून भरल्या जातात, हे गुपित राहिलेले नाही. पण नक्कल फोफावते ती विषय ढोबळ असतो तिथे. 'मराठवाड्यातील लोककला: एक अभ्यास' कुठूनही उतरवता येतो, 'माझ्या तालुक्यातल्या अमुक सात अर्जांचे काय झाले' हे उतरवायला मूळ प्रतच नसते. या बाबतीत लातूरने स्वतःकडेच पाहावे. बारावीच्या निकालांमुळे गाजलेल्या लातूर पॅटर्नला घोकंपट्टी म्हणून नावे ठेवणारे पुष्कळ आहेत, पण त्याचे बळ पाठांतरापेक्षा सराव परीक्षेत होते: पेपर लिहायचा, तपासून घ्यायचा, चूक कुठे झाली ते पाहायचे, पुन्हा लिहायचा. जीवशास्त्राच्या पेपरला ही शिस्त आणि संशोधनाला मात्र एकच प्रत, एकदाच सादर, तपासणी तोंडी परीक्षेच्या दहा मिनिटांत. पहिल्या दहा मुलाखती झाल्यावर नोंदी मार्गदर्शकापुढे ठेवून प्रश्न पुन्हा घडवले, तर निम्मा कचरा तिथेच गळेल.

जवळिकीवरचा आक्षेप याहून खोल आहे. गावचा मुलगा गावात संशोधन करतो म्हणजे तो एका आडनावाचा, एका गल्लीचा, कधी एका गटाचा म्हणून करतो. काही वस्त्यांत तो आयुष्यात गेलेला नसतो, आणि काही घरांत त्याला खरे कोणी सांगणार नाही, कारण त्याचे वडील तिथे सालदार होते किंवा मालक होते. हा दोष नाकारून चालणार नाही. तो नोंदवावा लागेल. वेगवेगळ्या वस्तीतल्या दोघांनी मिळून जावे, मुलाखतीच्या वेळी शेजारी कोण बसले होते ते लिहावे, तोंडी सांगितलेले कागदाशी आणि कागद तोंडी सांगण्याशी ताडून पाहावा. बाहेरून आलेल्या अभ्यासकालाही सरपंचाच्या ओसरीवरूनच गाव दिसत असते. त्याला ते जाणवत नाही एवढेच. यापेक्षा मला काळजी वाटते ती वेगळ्या गोष्टीची. हातात वही घेऊन नाव, वय, उत्पन्न विचारणारा माणूस खेड्यात योजनेचा माणूस समजला जातो. म्हातारा गोंधळी उत्तरे देतो ती मानधन मिळेल म्हणून. 'माझ्याकडून तुमचे काम होणार नाही' हे वाक्य पहिल्याच भेटीत, त्याच्या भाषेत, सांगितले पाहिजे, आणि तरीही त्याला बोलावेसे वाटले तरच वही उघडावी. उलट, अर्जातली त्रुटी विद्यार्थ्याला दिसली आणि ती दाखवून दिली तर संशोधनाची तटस्थता भंगते, असे म्हणणाऱ्यांशी मला वाद घालावासा वाटतो. तटस्थतेची किंमत समोरच्याने आणखी एक वर्ष थांबून का चुकवावी? दाखवून द्यावे आणि दाखवून दिल्याचे प्रबंधात लिहावे.

मुलांना नोकरी हवी आहे, हे सांगायला कोणी लागत नाही. स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत बसलेल्या विद्यार्थ्याला शासन निर्णय पाठ असतो. तो निर्णय कार्यालयात कसा वागतो हे पाहिलेला उमेदवार उद्या त्याच टेबलामागे बसला तर बिघडेल काय?

राहिला वेळ आणि जागा. नव्या शैक्षणिक धोरणानुसार राज्याने २०२३ मध्ये पदवीची जी श्रेयांक रचना ठरवली तिच्यात क्षेत्रीय प्रकल्प आणि समुदाय सहभाग यांना आता अधिकृत स्थान आहे. क्षेत्रात केलेल्या कामाच्या एका श्रेयांकाला साधारण ३० तास धरले, तर चार श्रेयांकांचे १२० तास होतात. पाच अर्जांचा माग काढायला ते पुरेसे आहेत. अशा प्रकल्पांचे शेवटी होते काय, हा प्रश्न आहे. पीएच. डी.चे प्रबंध शोधगंगेवर जातात, बी. ए., एम. ए. आणि समाजकार्याच्या विद्यार्थ्यांचे अहवाल विभागाच्या कपाटात जातात आणि काही वर्षांनी कपाट रिकामे करावे लागते. समाजकार्याच्या अभ्यासक्रमात आठवड्याचे दिवस ठरवून क्षेत्रकार्य असते, त्याच्या रोजनिश्या लिहिल्या जातात, त्यांवर गुण दिले जातात. दहा वर्षांच्या रोजनिश्या एका तालुक्याच्या नावाने एकत्र लावल्या तर स्लेटरच्या गावांसारखी सामग्री आपोआप तयार होईल. त्यासाठी इमारत लागत नाही, गावांची नावे घातलेली एक सूची आणि नाव-पत्ता झाकण्याची शिस्त लागते.

लोहा तालुक्यात माळेगावला मार्गशीर्ष वद्यात खंडोबाची यात्रा भरते. घोडे, गाढवे, लाल कंधारी बैल, तमाशाचे फड, वाघ्या-मुरळी, दूरदूरच्या भटक्या जमातींची पाले, असे सारे काही दिवस एकाच माळावर असते. कलावंत मोजायचे असतील, त्यांची कागदपत्रे कुठे अडतात ते विचारायचे असेल, कोणाची लावणी कोणाच्या आजीकडून आली ते ऐकायचे असेल, तर एवढा सोयीचा मांडव दोन्ही जिल्ह्यांत दुसरा नाही. डिसेंबर-जानेवारीच्या त्याच सुमाराला सत्र परीक्षांचे वेळापत्रक लागते. ते आठ दिवस पुढे सरकवण्याचा अधिकार विद्यापीठाकडे आहे. खंडोबाची तिथी सरकत नाही.